एकशे बत्तीस यार्डांवरची काठी

तो माणूस एकाच हाताला हातमोजा घालायचा. डाव्या. उजवा हात उघडा. मला पहिला संशय आला तो त्यावरूनच. थंडी वाजत असेल तर दोन्ही हातांना वाजेल, काम घाणीचं असेल तर दोन्ही हात भरतील. एकच हात झाकून सकाळी सहाला धरणाच्या गाळात फिरणारा माणूस सरळ असूच शकत नाही, असं मी त्याच दिवशी गोकुळला सांगितलं. गोकुळ म्हणजे माझा नवरा. जुन्नरला बी-बियाणांच्या दुकानात कामाला आहे, रोज मोटारसायकलने जाऊन येऊन करतो. तो म्हणाला, "रत्ना, तुला देवाच्या परसादात बी खडं दिसत्यात."

दिसतात, कारण असतात.

आमचं गाव मढच्या बाजूला, धरणाच्या काठावर. जुनी रानं सगळी पाण्याखाली गेली. पण माघ संपता संपता पाणी उतरायला लागतं, तसतसं खालचं रान उघडं पडतं, आणि त्यावर वर्षभराचा गाळ बसलेला असतो. ज्याची जमीन बुडाली त्याने त्या गाळात पेरायचं आणि पाऊस लागायच्या आत काढून घ्यायचं. याला गाळपेर म्हणतात. कागदावर ते रान सरकारचं. कुणाचा पट्टा कुठून कुठवर, हे कुठल्याच नकाशात नाही. बांध गाळाने पुसलेले, हद्दीचे दगड गाडलेले. म्हणून पाणी उतरलं की ज्याने त्याने आपल्या आठवणीने हद्दीवर एक काठी रोवायची आणि तिला घरातली चिंधी बांधायची. पुढच्या पावसाळ्यात काठी वाहून जाते. वर्षाने पुन्हा रोवायची. शेजारच्याने ती मान्य करायची. एवढ्यावर आमचा सगळा कारभार चालतो.

आता हेही आधीच सांगते, म्हणजे मी लपवलं असं कुणी म्हणायला नको. माझी काठी खरी नव्हती. सासरे होते तोवर काठी ते रोवायचे. एका बाजूला आमचा पट्टा, दुसऱ्या बाजूला माझ्या धाकट्या दिराचा, चांगदेवचा. वाटणी सासऱ्यांनी केलेली. चांगला हातभर गाळ चांगदेवच्या वाट्याला, आणि आमच्याकडे खाली वाळू. लाडका लेक होता, दुसरं काय! सासरे गेल्यावर पहिल्या वर्षी मी काठी जिथल्या तिथे रोवली. दुसऱ्या वर्षी पाच पावलं चांगदेवच्या रानात सरकवली. कुणी काही बोललं नाही. यंदा आणखी सहा. गोकुळलाही ठाऊक नव्हतं. त्या अकरा पावलांत माझा भुईमूग असा उठला होता की बघत राहावं.

आणि नेमका असल्या वेळी हा एका हातमोज्याचा माणूस माझ्या काठीकडे दुर्बीण लावून उभा राहायचा.

दुर्बीण म्हणजे मुठीएवढं एक काळं यंत्र. एका डोळ्याला लावायचा, बटण दाबायचा, मग खिशातून वही काढून आकडा लिहायचा. खांद्यावर गोणपाटाची लांब पिशवी, तिच्यात पाच दांडे. तीन ठिकाणी त्याने स्वतःच्या काठ्या रोवल्या होत्या, लाल कापडाच्या. गाळपेरीच्या रानात काठी रोवायची म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं. इथे काठी म्हणजे हक्क. लोक कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं मोजणीवाला आहे, कुणी म्हणालं इथे बोटिंग होणार आहे. मी कुजबुजले नाही. मी सरळ जाऊन विचारलं.

"कोण हाय तुमी? आन् कशाची मोजणी चाललीया?"

"मोजणी नाय ताई. गोल्फ खेळतोय. हा हातमोजाबी त्याचाच, दांडा निसटू नये म्हणून."

नाव सुदर्शन. मूळचा तळेघरचा, पुण्यात एका कारखान्यात तीस वर्षं काढलेली. तिथल्या मोठ्या साहेबाने ओढून नेऊन खेळायला लावलं आणि ते अंगाला चिकटलं. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला. मुलगी वृषाली आमच्या इथल्या दवाखान्यात नर्स, तिच्याकडे राहायला आला. तळेघरला का खेळत नाही, विचारलं तर म्हणाला, तिथे सगळा उतार, चेंडू एकदा गेला की भाताच्या खाचरात उतरून कुठल्या कुठे जातो. इथे पाणी उतरलं की दोन-अडीच महिने सपाट रान मिळतं. गेणभाऊंना विचारून खेळतो. आधीची दोन वर्षं कधीमधीच यायचा, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता; यंदा रोज येऊ लागला. गेणभाऊ म्हणजे आमच्या गाळपेरीतलं सगळ्यात म्हातारं माणूस, त्यांचा शब्द सगळे मानतात.

टीव्हीवर मी तो खेळ पाहिलेला आहे. तिथे हिरवंगार गवत असतं, पांढरे कपडे असतात, टाळ्या वाजवणारी माणसं असतात. इथे भेगाळलेला चिखल आणि हा एकटा. खेळ म्हणे! खेळाला समोर कुणीतरी लागतं. एकटा माणूस हरतो कुणाला आणि जिंकतो कुणाशी?

"येकट्यानं कसला खेळ?" मी विचारलं.

"कालच्या माझ्याशी," तो म्हणाला. असली उत्तरं देणाऱ्या माणसांवर माझा मुळीच विश्वास बसत नाही.

म्हणून मी पाळत ठेवली, आणि हा कुणा बाहेरच्यासाठी रान मोजतोय असं भेटेल त्याला सांगू लागले. भुईमूग खुरपायला तसंही सकाळी जावं लागायचं. काठावर एक काळा खडक आहे, पाणी कितीही चढो-उतरो, जागचा हलत नाही. तो तिथून सुरुवात करायचा. पिशवीतले पाचही दांडे काढून खडकाला टेकवायचा, मग एकेकाला फडक्याने पुसायचा. एक मोठ्या डोक्याचा, तीन लोखंडी, एक चपटा. पुण्यात म्हणे लोक चौदा-चौदा घेऊन फिरतात. याने बाकीचे वाटून टाकले होते. त्या लोखंडींतला सात नंबरचा त्याचा जीव की प्राण. त्याची मूठ झिजून गेलेली, तिच्यावर सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेली. इतरांना एकदा पुसायचा, याला दोनदा.

चेंडू नारिंगी, कारण पांढरे चेंडू म्हणे बगळ्यांत हरवतात. प्रत्येक चेंडूवर मुलीच्या नेलपॉलिशचे तीन ठिपके. चेंडू ठेवायला खाली ओल्या गाळाची चिमूटभर ढेकळी. मग मान खाली, दोनदा पाय हलवून बघणार, आणि फाडकन मारणार. तिसऱ्या लाल काठीशी पोचला की खाली बसून थर्मासमधला चहा, तोही अर्धाच. उरलेला अर्धा परत जाताना. रोज असंच. एवढी ठरलेली सवय असणारा माणूस काहीतरी ठरवून करत असतो, हे मला पक्कं झालं.

एके दिवशी मी रुईच्या झुडपाआड होते. त्याचा चेंडू एका भेगेच्या कडेला पडला होता. त्याने दांडा चेंडूमागे टेकवला आणि चेंडू बोटभर सरकून भेगेत गेला. त्याने मारलाच नव्हता. तो थांबला. इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. वही काढली, काहीतरी लिहिलं, आणि भेगेतून चेंडू काढायला तीनदा माती उडवली. बाहेर उचलून का ठेवला नाही, मला कळेना. मी ठरवलं, हा भेगेची खोली मोजतोय. गाळ किती आहे ते लिहून घेतोय.

पण माझी झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीने. खडकावरून तो सात नंबरने माझ्या काठीच्या दिशेने मारायचा. चेंडू चांगदेवच्या रानावरून उडत यायचा आणि माझ्या भुईमुगात पडायचा. काठीपाशी नाही, काठीच्या पलीकडे. मी पावलं मोजली. अकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. तिसऱ्या दिवशी बारा. जिथे सासरे काठी रोवायचे, बरोबर त्या जागेवर हा माणूस रोज नारिंगी खुणा टाकत होता.

याला कुणी सांगितलं? चांगदेवने? चांगदेवनेच हा माणूस आणला असणार. दीर माझ्याशी वरवर गोड बोलतो, रानात पाणी प्यायला थांबला की "वैनी, भुईमूग लई झ्याक आलाय" म्हणतो. म्हणजे माहीत आहे त्याला! आणि मोजणीवाल्याकडून हद्द पक्की करून घेतोय. मी चेंडू उचलला आणि तरातरा खडकाकडे गेले.

"तुमचा चेंडू माझ्या भुईमुगात येतोच कसा?"

तो ओशाळला. "माफ करा ताई. मलाही कळत नाय. पूर्वी काठीशेजारी मोकळी वाट व्हती ना? दोन रानांच्या मधी? सात नंबर बरोबर तिथं पडायचा. आता तिथं भुईमूगच हाय."

तो खरंच विचारत होता की मला खेळवत होता? "वाट फिरली," मी म्हणाले. "गाळ सरकतो हितं."

"असं व्हय," तो म्हणाला. "मग मी उद्यापासनं आठ नंबर घेतो. तो थोडा कमी जातो." सात नंबर पिशवीत घालताना त्याचं तोंड पडलं होतं. मला वाटलं, चला, मिटलं.

मिटलं नव्हतं. आमच्याकडे बी मोजून पेरतात. चांगदेवचं भुईमुगाचं बी गेल्या वर्षी उरलं तेव्हा त्याला वाटलं पेरा पातळ पडला. यंदा पुन्हा उरलं, जास्तच उरलं. मग त्याने सऱ्या मोजल्या. सऱ्या कमी भरल्या. एका रविवारी सकाळी तो गेणभाऊंना आणि आणखी सात-आठ जणांना घेऊन खडकावर आला. मला आणि गोकुळला निरोप आला. मी निघाले ते एकच धरून. आता सगळ्यांसमोर माझं नाव घेणार.

त्याने माझं नाव घेतलंच नाही. त्याने बोट दाखवलं ते सुदर्शनकडे.

"गेणभाऊ, हा पावणा आल्यापास्नं माझं रान आक्रसायला लागलंय. काठ्या रोवतो, काठ्या उपटतो, यंत्र लावतो, वहीत लिवतो. वैनीची काठी ह्यानंच सरकवली. आमा दोघांत भांडान लावून द्यायचं, आन् मंग रान कुना बाहेरच्याच्या घशात घालायचं. ह्याच्यामागं कोन हाय, ते इचारा ह्याला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कशा नाही डोलावणार? मी स्वतः हेच तर दोन महिने गावभर सांगत फिरले होते. माझेच शब्द मला ऐकू येत होते.

सुदर्शन चिडला नाही. "मी कुणाच्या काठीला हात लावत नाय," तो म्हणाला. "माझ्या तीन, तेवढ्याच माझ्या. वही बघा ना. तीन वर्षांचं सगळं हाय त्यात."

वही गेणभाऊंच्या हातात गेली. त्यांना बारीक अक्षर दिसेना म्हणून त्यांनी ती गोकुळला दिली. माझा नवरा माझ्या शेजारी उभा राहून मोठ्याने वाचू लागला. "खडक ते हिरव्या चिंधीची काठी. पहिलं साल, एकशे बत्तीस. सात नंबर." पान उलटलं. "दुसरं साल, एकशे सत्तावीस." पान उलटलं. "यंदा, एकशे एकवीस. आठ नंबर." हिरवी चिंधी माझ्या जुन्या पोलक्याची होती.

"हे काय लिवलंय पावणं?" गेणभाऊ म्हणाले.

"यार्ड हायेत, ह्या यंत्रात दिसत्यात. यार्ड म्हंजे एक मोठं पाऊल धरा. पहिल्या वर्षी काठीपाशी पोचायला सात नंबर लागायचा, यंदा आठ नंबर पुरतो." तो जरा हसला. "यंदा सात पलीकडं जायला लागला तवा मला वाटलं, माझा हात सुधारला."

चांगदेव म्हणाला, "ऐकलं? ह्याच्याच वहीत हाय. अकरा पावलं. कवापास्नं? हा आल्यापास्नं."

वही त्याला सोडवायला आली होती आणि तिनेच त्याला बांधून घातलं. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. माणूस परका होता, उद्या मुलीची बदली झाली की जाणारच होता. काठी परत मागे गेली तरी नाव माझं येणार नव्हतं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या वेळी मला फार हायसं वाटलं, आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

चांगदेवने गोणपाटाची पिशवी ओढून घेतली. "ह्ये खेळणंच मोडतो, म्हंजी पुन्हा हिकडं याचं नाव न्हाई काढणार." आणि हाताला लागला तो पहिला दांडा बाहेर काढला. सायकलच्या ट्यूबचा. त्याने तो खडकावर आपटायला वर उचलला.

"तो नको," सुदर्शन म्हणाला. आवाज चढवला नाही, विनवणीही केली नाही. "बाकीचे चार मोडा. तो ऱ्हाऊ द्या."

मी केलं नाही, असं तो एकदाच म्हणाला होता. पुन्हा म्हणाला नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्यापायी चार दांडे द्यायला तयार झाला होता आणि एक मागत होता. मला ती भेगेची सकाळ आठवली. कुणी बघत नव्हतं तेव्हा वही काढणारा माणूस.

"भावजी, थांबा," मी म्हणाले. "काठी मी सरकवली."

चांगदेवचा हात वरच राहिला. "काय?"

"मी. गेल्या वर्षी पाच पावलं. यंदा सहा. ह्या माणसाचा काही संबंध न्हाई. तुमचा गाळ चांगला व्हता, माझ्या मनात आलं. झालं."

गोकुळने वही मिटली. माझ्याकडे बघितलं नाही. गेणभाऊ म्हणाले, "चांगदेव, दांडा दे त्येचा त्येला." चांगदेवने दिला. सुदर्शनने तो घेऊन फडक्याने पुसला. दोनदा.

त्याच दिवशी मी काठी उपटली. सुदर्शन खडकावर यंत्र डोळ्याला लावून उभा, मी काठी घेऊन एकेक पाऊल मागे सरत होते, आणि बाकीची माणसं दोन्ही बाजूंनी बघत होती. माझ्याच भुईमुगातून मी चालत होते. त्याने हात वर केला तिथे मी काठी रोवली. त्या अकरा पावलांतल्या शेंगा चांगदेवने काढल्या. रान त्याचं होतं. गोकुळ चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला, पण प्रसादाच्या खड्यांचं पुन्हा कधी काढलं नाही.

पुढे एकदा मी सुदर्शनला गाठून विचारलं, "त्या दिशी चेंडू भेगेत गेला तवा तुमी काय लिवलं व्हतं?"

त्याला आठवलं. "माझ्या धक्क्यानं सरकला ना. एक फटका वाढवला माझ्या नावावर."

"बघायला कोन व्हतं?"

"कुणी नाय."

मी होते, पण ते सांगितलं नाही. दुसरंच विचारलं. "वहीत दर वर्साचा आकडा व्हता तुमच्या. काठी सरकली, हे तुमाला खरंच कळलं नव्हतं?"

"मी माझा चेंडू मोजतो, ताई," तो म्हणाला आणि चहाचं झाकण उघडलं. अर्धा तो प्यायला, अर्धा मला दिला. मला अजूनही दाट संशय आहे की त्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

तो आता पुन्हा सात नंबरने मारतो. चेंडू काठीपाशी मोकळ्या वाटेत पडतो. आणि रोज सकाळी चांगदेव रानात जाताना खडकाशी थांबतो. "बघा बरं पावणं, किती भरतंय," म्हणतो. सुदर्शन यंत्र लावतो. मग चांगदेव मला ऐकू जाईल अशा बेताने ओरडतो, "एकशे बत्तीस हाय, वैनी!"

मी सरीत वाकलेली असते. संताप येतो, खुरपं फेकून मारावंसं वाटतं. पण बोलायला तोंड कुठे आहे? मी वर बघते आणि नुसती मान हलवते.

आणि त्या रविवारपासून मलाच एक सवय लागली आहे. पहाटे उठल्यावर चूल पेटवायच्या आधी मी धरणावर जाऊन येते. वाऱ्याने, गुरांनी, एखाद्या पोराने ती काठी हातभर जरी हलवली, तरी गाव कुणाचं नाव घेणार हे मला माहीत आहे. काठी जागेवर आहे ना, बघते, पावलं मोजते, आणि मग घरी येऊन चहा टाकते.